कर्नाटक नक्की कुठे?

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते आणि इतिहासात कुठे अडले की पुस्तक घेऊन जिना उतरते. मी एका माध्यमिक शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला असल्यामुळे माझ्याकडे सगळी उत्तरे तयार असतील असा तिचा समज आहे, आणि मीही तो कधी मोडत नाही. गेल्या महिन्यात मात्र तो मोडण्याची वेळ आली. ती म्हणाली, "काका, कर्नाटकची तीन युद्धं म्हणतात, पण ह्यातली एक पण मोठी लढाई कर्नाटकात झालेली नाही की! पुस्तक चुकलंय का मी चुकतेय?"

तिने नकाशावर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. १७४९ मध्ये नबाब अन्वरुद्दीन जिथे मारला गेला ते अंबूर, १७५१ मध्ये इंग्रजांच्या क्लाइव्हने घेतलेले आणि वेढा पडल्यावरही न सोडलेले अर्काट, वर्षानुवर्षे ज्याच्यासाठी झुंज चालली ते त्रिचनापल्ली, मद्रास, आणि १७६० मध्ये फ्रेंचांचा निर्णायक पराभव झाला ते वांदिवाश, अशा या सगळ्या खुणा आजच्या तमिळनाडूत पडत होत्या. बंगळूर, धारवाड, विजापूर यांच्या आसपास पेन्सिल फिरकलीही नव्हती. मी तीस वर्षे फळ्यावर 'कर्नाटक युद्धे' असा मथळा लिहून त्याखाली १७४६ ते १७६३ या काळातल्या इंग्रज-फ्रेंच झुंजीच्या सनावळ्या मांडल्या आणि मुलांकडून घोकून घेतल्या. त्या तीस वर्षांत हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही, आणि खरी लाजेची गोष्ट अशी की तो मलाही पडला नाही.

सोलापूरच्या माणसाला असा प्रश्न सहसा पडत नाही, कारण कर्नाटक म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. विजापूर रस्त्याने भीमा ओलांडली की कर्नाटक, अक्कलकोटच्या पुढे दुधनी मागे टाकली की कर्नाटक, आणि दिल्लीहून बंगळूरला जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस तर आमच्याच स्टेशनावर थांबून पुढे जाते. गावाचे ग्रामदैवत सिद्धेश्वर. त्या सिद्धरामांची वचने कन्नडमध्ये आहेत आणि कन्नड परंपरेत या गावाचे नाव सोन्नलिगे असे आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे आणि तो मराठीच्या सर्वांत जुन्या कालनिर्देश असलेल्या लेखांत गणला जातो. मात्र त्या गावाच्या नावातले 'कुडल' हे संगमासाठी असलेले कन्नड नाव आहे. मराठीचा इतका जुना पुरावा कन्नड नावाच्या गावी सापडावा याचे आमच्याकडे कोणाला नवल वाटत नाही, आणि जिथे नवल वाटत नाही तिथे चौकशीही होत नाही.

मी तिच्याकडून आठ दिवस मागून घेतले. प्रत्यक्षात महिना लागला, कारण अर्काटपासून सुरू केलेला शोध गोव्याला, मंगळुरूला आणि शेवटी नेपाळच्या तराईत जाऊन पोहोचला.

आधी शब्दाविषयी. संस्कृतात हे नाव कर्णाट किंवा कर्णाटक असे येते आणि ते बरेच जुने आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दक्षिणेकडच्या देशांच्या यादीत कर्णाट आहे. मराठीत त्याचे कानड आणि कानडा कसे झाले हे समजायला व्याकरणाचे पुस्तकही लागत नाही: कर्णाचा कान झाला, पर्णाचे पान झाले, त्याच वाटेने कर्णाटाचा कानडा झाला. मूळ द्राविडी शब्दाची फोड दोन प्रकारे करतात. 'कर्' म्हणजे काळा आणि 'नाडु' म्हणजे देश, म्हणून काळ्या मातीचा देश, ही एक. आणि 'करु' म्हणजे उंच, म्हणून पठारावरचा देश, ही दुसरी. काळी माती हीच खूण धरायची ठरली तर मंगळवेढ्याची ज्वारीची रानेही कर्नाटकात मोजावी लागतील. तसे पाहिले तर नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या दरबारी तयार झालेल्या कविराजमार्ग या ग्रंथात कन्नड देशाची व्याप्ती कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे, म्हणजे सोलापूर त्यात सरळ येते. गोदावरीच्याही उत्तरेला, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, कन्नड नावाचा तालुकाच आहे. पितळखोऱ्याची लेणी ज्या तालुक्यात आहेत तो हाच. चाळीसगावहून घाट चढून वर आलेला प्रवासी एस. टी. च्या पाटीवर 'कन्नड' वाचतो आणि खाली उतरून अस्सल मराठी ऐकतो.

ही व्याप्ती सीमावादाच्या सभांत एका बाजूने हत्यारासारखी वापरली जाते आणि हत्तरसंगचा लेख दुसऱ्या बाजूने, हे मी स्वतः ऐकलेले आहे. महाजन आयोगाने १९६७ मध्ये अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरचा भाग म्हैसूर राज्याकडे द्यावा असे सुचवले, तेव्हापासून आमच्या पिढीचे कान या विषयावर तयार झालेले आहेत. अकराशे वर्षांपूर्वीच्या कवीने आपल्या भाषेचा पसारा सांगितला तो तलाठ्याचा सातबारा नव्हता, एवढे म्हणून मी पुढे जातो, कारण मुलीचा प्रश्न अर्काटचा होता.

अर्काटचे उत्तर विजयनगरात आहे. १३३६ च्या सुमारास तुंगभद्रेच्या काठी उभे राहिलेले हे राज्य स्वतःला कर्णाट राज्य म्हणवीत असे. कृष्णदेवरायाची 'कन्नड राज्य रमारमण' ही पदवी प्रसिद्ध आहे. पण राज्याचे नाव कर्णाट असले तरी त्याच्या छत्राखाली कन्नड, तेलुगू, तमिळ आणि तुळू बोलणारे सगळेच होते, आणि ही पदवी मिरवणाऱ्या कृष्णदेवरायाने स्वतः लिहिलेले आमुक्तमाल्यदा हे काव्य तेलुगूत आहे. नावाने कन्नड, लेखणीने तेलुगू. आमच्या शहरात ज्या घराण्यांच्या चार पिढ्या मागावर गेल्या, घरी तेलुगू आणि बाजारात मराठी बोलण्यात गेल्या, त्यांना यात काही विशेष दिसणार नाही. एवढे मात्र लक्षात ठेवावे की इथे 'कर्णाट' हा शब्द भाषेपासून सुटून राज्याला चिकटला, आणि पुढे जे काही झाले ते त्यामुळे झाले.

१५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगर शहर उद्ध्वस्त झाले, पण राज्य लगेच संपले नाही. राजघराणे आधी पेनुकोंड्याला, मग चंद्रगिरीला आणि पुढे वेल्लोरला गेले, म्हणजे दर पिढीला अधिकाधिक आग्नेयेकडे सरकत राहिले. तुंगभद्रेच्या आसपासचा मूळ कन्नड मुलूख विजापूरच्या हाती जात होता आणि राजाजवळ उरला होता तो तेलुगू आणि तमिळ बोलणाऱ्यांचा प्रदेश. परंतु राजा कर्णाटाचा, म्हणून त्याच्याकडे उरलेली जमीनही कर्णाटच. घर बदलणाऱ्या कुटुंबाने दारावरची पाटी काढून नव्या घराच्या दारावर लावावी तसे हे झाले. इंग्रजांना १६३९ मध्ये मद्रासची जागा मिळाली ती चंद्रगिरीच्या राजाच्या एका नायकाकडून, त्यामुळे त्यांची या नावाशी ओळख झाली ती पूर्व किनाऱ्यावरच.

विजापूर आणि गोवळकोंडा यांनी १६३६ नंतर दक्षिणेकडे मोहिमा काढल्या, त्यांत शहाजीराजे होते आणि त्यांना बंगळूरची जहागीर मिळाली ती याच ओघात. विजापूरने जे जिंकले ते 'कर्नाटक' जिंकले. हे वाक्य दोनदा वाचावे, कारण आज विजापूर कर्नाटकात आहे. त्या काळी मात्र कर्नाटक म्हणजे विजापूरच्या फौजा जिथे चालून जात असत तो तुंगभद्रेपलीकडचा मुलूख होता. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये जी दक्षिणेची मोहीम काढली आणि जिंजी व वेल्लोर हाती घेण्याचा उद्योग आरंभला, तिलाही आपल्याकडे कर्नाटकची स्वारी असेच म्हणतात, आणि जिंजी तर पूर्णपणे तमिळ मुलखात आहे. पुढे राजाराम महाराजांनी तिथेच मोगलांचा दीर्घ वेढा सोसला. म्हणजे मुलीचा प्रश्न इंग्रज-फ्रेंच युद्धांच्या जवळजवळ सत्तर वर्षे आधी मराठ्यांच्याच इतिहासात विचारता आला असता. मी जिंजी शिकवताना नकाशा उघडून तिच्यासारखी पेन्सिल फिरवली नाही, एवढेच.

औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा घेतल्यावर या दोन राज्यांनी दक्षिणेत मिळवलेला मुलूख मोगल दप्तरात 'विजापुरी कर्नाटक' आणि 'हैदराबादी कर्नाटक' या नावांनी दाखल झाला. त्याचेही घाटावरचा तो बालाघाट आणि घाटाखालचा तो पाईनघाट असे भाग पाडले गेले. (वऱ्हाडाच्या जुन्या कागदांतही हेच दोन शब्द भेटतात, कारकुनाला एकदा सोयीचा शब्द सापडला की तो सगळीकडे लावतो.) पाईनघाटाचा सुभेदार पुढे अर्काटला बसू लागला आणि कर्नाटकचा नबाब म्हणवू लागला. १७४० मध्ये रघूजी भोसले त्याच्यावर चालून गेले, नबाब दोस्त अली लढाईत पडला, आणि दुसऱ्या वर्षी त्रिचनापल्ली घेऊन त्याचा जावई चंदासाहेब याला मराठ्यांनी कैद केले. या कैदेत तो १७४८ पर्यंत होता आणि सुटल्यावर त्याने नबाबीवर जो दावा सांगितला त्यातूनच दुसरे कर्नाटक युद्ध पेटले. इंग्रज आणि फ्रेंच ज्या 'कर्नाटका'साठी भांडले ते या नबाबाचे पाईनघाट होते. पुस्तक चुकले नव्हते आणि मुलगीही चुकली नव्हती. कंपनीने १८०१ मध्ये त्याचा कारभार घेतला आणि १८५५ मध्ये नबाबीही संपवली, पण नाव इंग्रजी नकाशांवर त्या किनाऱ्याला चिकटून राहिले.

इथे थांबता आले असते. मुलीला हवे ते उत्तर मिळाले होते. पण एकदा नावाच्या मागे लागल्यावर ते पश्चिम किनाऱ्यावरही भेटले, आणि तिथली कथा मला अधिक गंमतीची वाटते.

पोर्तुगीजांनी या किनाऱ्याला 'कानारा' म्हटले आणि इंग्रजांनी तेच उचलले. टिपू पडल्यावर १७९९ मध्ये हा किनारा कंपनीकडे आला. १८६२ मध्ये त्याचा उत्तर भाग मुंबई इलाख्यात टाकण्यात आला आणि दक्षिण भाग मद्रासकडे राहिला. या दक्षिण भागाचे नाव आज दक्षिण कन्नड जिल्हा आहे, आणि जिल्ह्याच्या नावात कन्नड असूनही मंगळुरूच्या रस्त्यावर कानावर पडते ती मुख्यतः तुळू. त्याखेरीज कोकणी आणि बॅरी. कॅनरा बँक १९०६ मध्ये या मंगळुरूत निघाली आणि तिचे संस्थापक अम्मेंबळ सुब्बराव पै घरी कोकणी बोलणारे होते. आमच्या शेजारचे एक गृहस्थ अखेरपर्यंत तिला 'कॅनडा बँक' म्हणत आणि आपले पैसे परदेशी बँकेत असल्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. अमेरिका खंडातल्या त्या देशाचे नाव तिथल्या इरोक्वा लोकांच्या 'कनाटा', म्हणजे गाव, या शब्दावरून आलेले आहे आणि त्याचा आपल्या कर्णाटाशी काहीही संबंध नाही, हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

गोव्यात पोर्तुगीजांनी याहून पुढची मजल मारली. ज्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत ख्रिस्तपुराण रचले, त्यानेच कोकणीचे व्याकरण लिहिले आणि ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, रायतूरला छापून निघाले. त्या व्याकरणाच्या पोर्तुगीज नावात कोकणीला 'कानारिम' भाषा म्हटले आहे. गोव्याच्या लोकांनाही पोर्तुगीज कानारिम म्हणत आणि पुढे त्या शब्दाला हेटाळणीचा वास येऊ लागला. ज्याला कोकणी येते आणि कन्नडचा एक शब्द येत नाही, अशा माणसाला कानडी म्हणायचे, कारण जहाजावरून उतरणाऱ्याला अख्खा किनारा एकच दिसला! नावे दुरून ठेवली की अशी ठेवली जातात. आत राहणाऱ्याला कोणी विचारत नाही, आणि विचारले तरी तो सांगतो ते नाव उच्चारायला सोपे नसते.

उत्तरेकडची गोष्ट थोडक्यात सांगतो. बंगाल-बिहारच्या पाल राजांच्या ताम्रपटांत त्यांच्या चाकरीतल्या लोकांची यादी येते, तिच्यात गौड, मालव, खश, हूण यांच्याबरोबर कर्णाटही आहेत. पुढे कल्याणीच्या चालुक्यांच्या, म्हणजे आमच्या उमरग्यापलीकडच्या बसवकल्याणच्या, सहाव्या विक्रमादित्याच्या फौजा पूर्वेपर्यंत गेल्याचे वर्णन त्याचा कवी बिल्हण करतो. याच सुमारास, १०९७ मध्ये, नान्यदेव नावाच्या पुरुषाने मिथिलेत राज्य स्थापले आणि ते घराणे कर्णाट घराणे म्हणून ओळखले जाते. राजधानी सिमरौनगड, जे आज नेपाळच्या बारा जिल्ह्यात आहे. बंगालचे सेन राजेही आपल्या लेखांत स्वतःला कर्णाटाचे क्षत्रिय म्हणवतात. मिथिलेच्या या कर्णाटांच्या दरबारात शेवटच्या हरिसिंहदेवाच्या काळी ज्योतिरीश्वर ठाकुरांनी वर्णरत्नाकर लिहिला, तो मैथिलीतला सर्वांत जुना गद्यग्रंथ मानला जातो. म्हणजे नाव कर्णाटाचे आणि भरभराट मैथिलीची. घियासुद्दीन तुघलकाच्या स्वारीनंतर, १३२४-२५ मध्ये, हे राज्य संपले, पण नेपाळच्या मल्ल राजांनी पुढे आपली वंशावळ याच घराण्याला नेऊन जोडली. काठमांडूच्या खोऱ्यातला राजा आपले मूळ कर्णाटात दाखवतो आणि त्याच वेळी खुद्द कन्नड मुलूख म्हैसूरकर आणि विजापूरकर म्हणवून घेत असतो.

(सोलापूरच्या तेलुगू मंडळींना कमीपणा नको म्हणून सांगतो: कंपनीच्या फौजेत आरंभी तेलंगणाकडचे शिपाई होते म्हणून उत्तरेत प्रत्येक कवायती शिपायाला तिलंगा म्हणू लागले, आणि १८५७ मध्ये दिल्लीकरांनी ज्यांना तिलंगे म्हटले ते बहुतेक अवधकडचे होते.)

संगीतात तर या नावाने दोन उलट्या उड्या मारल्या आहेत. ज्याला आपण कर्नाटक संगीत म्हणतो त्याचे मर्मस्थान कावेरीकाठचा तंजावर प्रांत. तिथल्या तिरुवैयारूच्या त्यागराजांच्या कृती मुख्यतः तेलुगूत आहेत आणि मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या संस्कृतात. ज्यांना या संगीताचे पितामह म्हणतात ते पुरंदरदास मात्र खरोखर कन्नड कवी, आणि त्यांच्या पदांतली मुद्रा 'पुरंदर विठ्ठल', म्हणजे दैवत आमच्या पंढरपूरचे. उलट आजच्या कर्नाटकातल्या धारवाड-गदगच्या पट्ट्याने मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी दिले, ते सगळे हिंदुस्थानी संगीताचे. त्यांनी गायिलेल्या रागांत कानडा आहे, ज्याच्या दरबारी प्रकाराचे श्रेय परंपरा तानसेनाला देते. म्हणजे कन्नड माणूस मुसलमान बादशहाच्या दरबारचा कानडा हिंदुस्थानी पद्धतीने गातो, आणि कर्नाटकी पद्धतीचा कानडा वेगळ्याच सुरांनी चेन्नईत गायिला जातो. कोमल गंधारावरचे ते आंदोलन आणि मग 'ग म रे सा' ऐकताना माझ्या मनात भूगोल येत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता आपल्याच भाषेकडे येतो, कारण दुसऱ्यांच्या चुका मोजून स्वतःची झाकणे बरे नाही. मराठीत कानडे या शब्दाचा जुना अर्थ न उमगणारे, गूढ असाही आहे. शेजारच्याची भाषा कळली नाही की तिचे नावच न कळण्याचे नाव होते. ज्ञानेश्वरांच्या अभंगात विठ्ठलाला कानडा म्हटले आहे आणि लगेच कर्नाटकुही म्हटले आहे. तिथे अर्थ देशाचा घ्यायचा की अगम्यतेचा, यावर अभ्यासक दोन्ही बाजूंनी लिहीत आले आहेत. दोन्ही अर्थ एकाच वेळी हवे होते म्हणूनच कवीने तो शब्द निवडला, असे माझे मत आहे, आणि एका अर्थाला हाकलण्यासाठी एवढी शाई खर्च होण्याचे कारण अभंगात नसून आपल्या काळात आहे. आमच्या गल्लीत अक्कलकोटकडच्या एक आजी राहतात, मी बोलण्याच्या ओघात 'तुम्ही कानडी लोक' म्हणालो तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "कानडी नका म्हणू सर, कन्नड म्हणा." मी चूक मान्य केली. मग त्यांना विठ्ठल कानडा की मराठी असे विचारले, तर त्या म्हणाल्या, "नम्मव." आमचा. मला वाटले होते की त्या एकादशीला पंढरपूरला जातात म्हणून काहीतरी मोठे उत्तर देतील. एवढेच बोलून त्या शेंगा निवडू लागल्या.

आजच्या राज्याला हे नाव मिळाले ते फार उशिरा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी कन्नड भाषकांचे राज्य झाले तेव्हा त्याचे नाव म्हैसूरच होते. कर्नाटक हे नाव १ नोव्हेंबर १९७३ रोजी लागले. माझ्याकडे असलेल्या जुन्या शालेय नकाशावर सोलापूरच्या खाली ठळक अक्षरांत 'म्हैसूर' छापलेले आहे. मधल्या काळात मुंबई-कर्नाटक आणि हैदराबाद-कर्नाटक अशी जोडनावे सरकारी कागदांत चालत होती, म्हणजे मोगलांच्या विजापुरी आणि हैदराबादी कर्नाटकाचीच रीत, फक्त मुलूख निराळा. त्यांतले हैदराबाद-कर्नाटक २०१९ मध्ये कल्याण-कर्नाटक झाले आणि मुंबई-कर्नाटक २०२१ मध्ये कित्तूर-कर्नाटक. आमच्या मागच्या दाराशी लागून असलेला प्रदेश अशा रीतीने माझ्या हयातीत तीन नावांनी ओळखला गेला, आणि त्या मुदतीत तिथल्या माणसांनी भाकरीला वेगळे नाव दिले नाही.

हे सगळे मी मुलीला एका संध्याकाळी सांगितले, बरेच लांबवून. तिने मध्येच वही काढून भारताचा एक नकाशा रेखाटला आणि जिथे जिथे हे नाव गेले तिथे वर्तुळ काढून आत 'कर्नाटक' लिहीत गेली: एक मोठे कावेरी-गोदावरीच्या मध्ये, एक अर्काटभोवती, एक लांबट पश्चिम किनाऱ्याला, एक बारीक गोव्यावर. परीक्षेत काय लिहायचे, हेही तिने विचारून घेतले. मी सांगितले की 'कर्नाटक' लिही आणि कंसात 'पाईनघाट', तपासणाऱ्याला पटले तर पटले. मग सिमरौनगडाशी तिची पेन्सिल थांबली.

"काका, नेपाळ कुठं दाखवू? कागद नर्मदेलाच संपला की."

मी रद्दीतल्या कॅलेंडरचे एक पान फाडून दिले. तिने ते उलटे करून वरच्या बाजूला डिंकाने चिकटवले आणि वाळेपर्यंत वहीवर तांब्या ठेवला.